तीनच सांगायचं

वॉर्डातल्या बेसिनपाशी मी हात धूत होते आणि पडद्यापलीकडे कोणीतरी माझ्या आत्याला शिकवत होतं. "अहो, तीनच सांगायचं. दोन म्हणालात तर त्यांना खरं वाटत नाही, आणि चार म्हणालात की संपलंच. सिस्टर पळते, डॉक्टरीणबाई येते, इंजेक्शनाचं निघतं, आणि मग घरी जाताना टाळ्या नाहीत." आवाज शेजारच्या कॉटवरच्या शिवणबाईंचा होता. त्या शिवणाचे क्लास घेतात, त्यामुळे कुणाला काही शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आत्या हळूच म्हणाली, "आणि दुखतंय त्याचं काय?" "ते दुखणारच हो. पोट उघडून शिवलंय, कोट नाही शिवलेला. पण सांगायचं तीन." माझ्या हातावर साबणाचा फेस तसाच राहिला. नळाचं पाणी आधी गार होतं ते गरम झालं, मग चटका बसायला लागला, तरी मी हात काढला नाही. मला राग यायला हवा होता, किंवा काळजी वाटायला हवी होती. आली ती किळस. बेसिनच्या कडेला कुणाचा तरी एक लांब केस चिकटला होता, त्याच्याकडे बघत मी उभी राहिले.

आमच्याकडे पेशंटला दुखणं आकड्यात विचारतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नको झालाय. चार किंवा जास्त सांगितलं की मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचं, चारच्या खाली असेल तर साध्या गोळीवर भागवायचं. गेली काही वर्षं या वॉर्डातले पेशंट तीन सांगतात. जवळजवळ सगळे. आमच्या विभागाचे मोठे सर परदेशात जाऊन पडद्यावर ते तीन दाखवून आले आणि समोरचे लोक उभे राहिले म्हणे. मीही उभी राहिले होते, इथल्या इथे, आमच्या छोट्या सभागृहात. तीन ऐकून मला बरं वाटायचं. स्वच्छ आकडा. त्याला वास येत नाही.

मी भूल देते. लोकांना वाटतं भूल देणं म्हणजे सुई टोचायची आणि पेशंट घोरायला लागला की आपण डबा खायला मोकळे. मोठ्या ऑपरेशनमध्ये खरा प्रश्न पुढचा असतो, माणूस जागा झाल्यावरचा. पूर्वी अफूच्या कुळातली ही औषधं सढळ हाताने देत असत. भूल देताना, उठवताना, नंतर दर थोड्या वेळाने. दुखणं थांबायचं हे खरं, पण त्याबरोबर सगळंच थांबायचं. आतडी झोपायची, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, श्वास मंद व्हायचा, अंगभर खाज सुटायची, आणि ओकारी. ताज्या टाक्यांवर हात दाबून ओकणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. माणूस अंथरुणाला खिळायचा तो खिळायचाच. आम्ही ते बदललं. पाठीच्या मणक्याजवळ एक बारीक नळी घालायची, तिच्यातून पंपाने बधिरतेचं औषध थेंब थेंब सोडायचं, म्हणजे पोटाकडच्या नसाच गप्प. जोडीला साध्या गोळ्या, दोनतीन औषधांचे किंचित डोस, आणि मॉर्फिन अगदी लागलं तरच. पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो, सूप पितो, घरच्यांना ओळखतो. यात थाप काही नाही. ही पद्धत चांगलीच आहे, आणि ती बसवायला मी हाडाची काडं केली आहेत. फक्त मधल्या काळात कधीतरी 'लागलं तरच' हे शब्द गळून पडले आणि न लागणं ही पेशंटची बहादुरी झाली.

माझ्या भाषणात मी नेहमी सांगते की लहानपणी आईचं ऑपरेशन पाहिलं आणि तेव्हापासून हा ध्यास घेतला. ऐकणारे हळवे होतात. ध्यास कसला डोंबलाचा. मॉर्फिनमुळे आईला तेव्हा दुखत नव्हतंच. ती खाटेवर पडून पडद्याला 'मास्तर' अशी हाक मारून दूध कमी का घातलंत म्हणून भांडत होती, तिच्या हनुवटीवरून हिरवं पित्त ओघळत होतं, आणि तिचे डोळे कुणा दुसऱ्याच बाईचे झाले होते. पिवळ्या प्लॅस्टिकच्या टबात ते सगळं पडत होतं. तो टब धरून बसली होती आत्या. शाळेत पीटी शिकवणारी, शिट्टीवर दोनशे पोरं एका ओळीत उभी करणारी आमची आत्या एका हाताने टब धरायची आणि दुसऱ्या हाताने आईचं तोंड पुसायची, तेच बोट तेच फडकं, नाकाला पदर नाही की काही नाही. मी बाहेर बाकावर बसून स्वतःच्या फ्रॉकची बाही हुंगत होते, कारण तिला घरच्या साबणाचा वास होता. आई त्यातून बरी झाली, पुढे पुष्कळ जगली, आमच्या घरात कुणाला तो टब आठवतही नाही. मला आठवतो. मला या औषधांचा राग आला तो आईची दया येऊन नाही, घाण वाटून. आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. घाण वाटल्याशिवाय कुणी कधी मोरी घासली आहे का?

त्या आत्याच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आपल्या माणसाला भूल देऊ नये म्हणतात, मी दिली. दुसऱ्या कुणी सुई धरलेली मला चालली नसती, आणि खरं सांगायचं तर तिला तसं झालेलं मला बघायचं नव्हतं. ऑपरेशन होऊन आज दुसरा दिवस. गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या कडा डोळ्यांना तरी स्वच्छ दिसल्या, सर्जन खूश. मी हात पुसले, पडदा सरकवला आणि कॉटशी गेले. शिवणबाईंनी लगेच डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. आत्या उताणी होती, गुडघे जरा वर घेतलेले, हात दोन्ही बाजूंना सरळ. माणूस झोपतो तशी नाही, कवायतीत आडवं व्हायला सांगितल्यावर होतो तशी.

"काय म्हणतेस आत्या?"

"मजेत. तुमच्या सुपात मीठ नसतं एवढीच तक्रार."

"दुखतंय किती?"

"तीन."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय की. तुला काय पाढे म्हणून दाखवू?"

"बरं, खोक बघू जोरात."

"आत्ता कशाला? आत्ता खोकला आलेला नाही."

"मुद्दाम खोक."

तिने "हं" असा आवाज काढला. देवघरात शिरताना माणसं काढतात तेवढा.

"हा खोकला?"

"आमच्या वेळी बायका एवढाच खोकायच्या," आत्या म्हणाली, आणि हसली, आणि हसू पोटापर्यंत पोचायच्या आत तिने ते मधेच तोडलं.

मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी धावत होती. श्वास वरच्या वर, गळ्याखालच्या हाडापर्यंतच. याचा अर्थ मला शिकवायला कुणी नको होतं. पोट दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साचतो, आणि सत्तरी उलटलेल्या बाईला ऑपरेशन नेत नाही, तो कफ नेतो. मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर चांगली मुलगी आहे, तिने आपण होऊन सांगितलं, "मॅडम, नाडी सकाळपासून जास्तच आहे. मी तीनदा विचारलं. तीनच म्हणतात." पंपाचा हिरवा दिवा लुकलुकत होता, औषध जात होतं, सगळं जागच्या जागी होतं. सगळं जागच्या जागी आणि बाई खोटं बोलतेय. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून कोऱ्या चपलांचा आवाज आला. मोठे सर पाहुण्यांना घेऊन आले होते.

पाहुणे दुसऱ्या हॉस्पिटलातले, आमची पद्धत त्यांच्याकडे सुरू करायला उत्सुक. मोठ्या सरांना वॉर्ड दाखवायची फार हौस. ते असे फिरतात की वाटावं आपल्या बागेतली वांगी दाखवताहेत. त्यांचं आफ्टरशेव्ह फार गोड वासाचं आहे, ते खाली वाकले की पेशंटच्या नाकाशी फुटतं. "सांगा बाई, किती दुखतंय?" पहिल्या कॉटवरून आलं, तीन. दुसरीवरून, तीन. एका म्हातारीने जीभ चाचरत दोन म्हटलं आणि घाबरून शिवणबाईंकडे बघत ते तीन केलं. पाहुणे माना डोलवत होते. आत्याची पाळी आली तेव्हा ती पडल्या पडल्या छाती काढून "तीन!" अशी ओरडली की एक पाहुणी दचकली. मोठे सर म्हणाले, "या आमच्या मॅडमच्या आत्या. घरच्या माणसावरसुद्धा हीच पद्धत. याहून मोठी खात्री काय देऊ?" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हसले. आपलं हसू आपल्याच दातांवर तेलकट बसल्यासारखं वाटतं, तसं.

नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या कॉटवरच्या, काचेचं दुकान असलेल्या बाई घरी निघाल्या. मॉर्फिनचा एकही डोस न घेता घरी जाणाऱ्यासाठी आमच्याकडे वॉर्डभर टाळ्या वाजवतात. ही कल्पना सरांची. बाई पोटाशी उशी धरून, मुलाच्या खांद्यावर रेलून दाराकडे सरकत होत्या, कपाळावर घाम, ओठ दातांखाली, आणि सगळे टाळ्या वाजवत होते, पेशंटसुद्धा, ज्यांना हात वर करणं जमत नव्हतं ते पलंगाच्या दांड्यावर बोटांनी. आतापर्यंत मला तो आवाज पावसासारखा वाटायचा. आज तो नुसता मांसावर मांस आपटल्याचा आवाज होता. मीही वाजवत होते. माझे तळवे ओलसर होते आणि प्रत्येक वेळी किंचित चिकटून सुटत होते.

मग सर म्हणाले, "आत्याबाई, चालून दाखवणार?" मी म्हणाले, "सर, नको, थोड्या वेळाने." पण आत्याने पाय खाली सोडलेसुद्धा होते. सिस्टरने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. तिचं वजन माझ्या हातावर आलं तेव्हा तिच्या अंगातून एक थरथर निघाली आणि माझ्या खांद्यापर्यंत चढली. "एक, दोन, एक, दोन," आत्या स्वतःलाच हुकूम देत होती, दातांवर दात ठेवून. पाहुणे हरखले. सर म्हणाले, "दुसरा दिवस हं, दुसरा!" चार पावलं, वळून चार पावलं, आणि ती कॉटवर बसली. चेहरा चुन्यासारखा. पाहुण्यांना घेऊन सर जेवायला गेले आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. ती थाप जिथे पडली तिथे कोट उतरवून झटकावा असं वाटलं.

आत्याला आडवं करताना माझा हात तिच्या पाठीला लागला. गाऊन ओला होता. मला वाटलं घाम, पण घाम गरम असतो, हे गार होतं, आणि एकाच जागी. मी तिला कुशीवर वळवलं. पाठीवरची पट्टी फुगली होती, तिच्या कडेने पाणी पाझरत होतं, चादर ओली, चादरीखालची गादी ओली, हात दाबला तर पचकन आवाज येईल एवढी. पट्टी उचलली. नळी बाहेर आलेली. तिचं टोक कातडीवर वळवळत्या जंतासारखं पडलं होतं आणि त्याच्यातून औषधाचा थेंब येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. कधीपासून? काल संध्याकाळी तिला उठवून बसवलं तेव्हा निसटली असणार. पंप इमानेइतबारे चालू होता, दिवा हिरवा होता, आणि आम्ही रात्रभर, सकाळभर गादीला बधिर करत होतो. पोटावर वीतभर चीर असलेली ही बाई साध्या गोळीवर होती. गोळीवर असताना ती चालून दाखवत होती. पडदा ओढायचंही भान राहिलं नाही.

"आत्या, तू बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "हे काय चाललंय? टाळ्यांसाठी? या वयात तुला टाळ्या हव्यात?"

"टाळ्या गेल्या खड्ड्यात," आत्या म्हणाली. डोळे मिटलेले. "मी आयुष्यभर पोरांना टाळ्या वाजवायला लावल्यात. मला त्यांचं काय."

"मग?"

शिवणबाई सोंग सोडून उघड उघड बघत होत्या.

"तुझं तोंड बघवत नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. काल त्या कोपऱ्यातल्या पोरीने पाच सांगितलं. तू तिला काही वाकडं बोलली नाहीस, औषधही दिलंस, सगळं रीतसर. पण तोंड असं केलंस, जसं काही तिने अंथरुणात घाण केली. नाक इकडे, ओठ तिकडे. मी इथून पाहिलं. ती बिचारी चादर डोक्यावरून घेऊन पडली. मग कोण सांगेल सांग बरं, नकटे?"

"मी असं तोंड करते?"

"मग काय मी करते? लहानपणापासून करतेस. तुझ्या आईने हज्जारदा सांगितलं असेल, पोरीच्या नाकावर उकिरडा बसलाय."

मी शिवणबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली आणि चादरीची कड चिमटीत धरून दुमडायला लागल्या, टीप घालायची असावी तशी. कोपऱ्यातली मुलगी छताकडे बघत होती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं कारण सर नाहीत, टाळ्या नाहीत, ते वरवरचं. थिएटरात माझ्या तोंडावर मास्क असतो, पेशंट झोपलेला असतो, तिथे माझा चेहरा हा माझा खाजगी मामला. इथे, दिवसातून दोनदा, मी एकेका कॉटशी जाऊन माणसांना विचारत होते, तुम्हाला किती दुखतंय, आणि माझं नाक त्यांना उत्तर सांगत होतं. इतकी वर्षं. परदेशात पडद्यावर दाखवलेलं ते सगळं तीन, तीन, तीन, त्यातलं दुखणं किती आणि माझं नाक किती?

"बरं," मी म्हणाले. "आता सांग. किती?"

आत्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा सरळ करायला गेले. कपाळ सैल सोडलं, ओठ जुळवले. नाकाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आपसूक वर चढत होते ते खाली ओढून धरले. ओल्या गादीचा वास, औषधाचा, घामाचा, तिच्या उपाशी तोंडाचा वास येत होता आणि मी तो न आल्याचं दाखवत होते.

"नको करू तसं," आत्या म्हणाली. "आणखीच भयंकर दिसतेस. तिकडे तोंड कर. खिडकीकडे."

मी वळले. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीतली रबरी पायपुसणी काढून भिंतीवर आपटत होता. धूळ उडायची, तो मान फिरवायचा, पुन्हा आपटायचा.

"नऊ," मागून आवाज आला.

हा आत्याचा आवाज नव्हता. इतका लहान आवाज त्या बाईच्या गळ्यातून निघू शकतो हे मला कधी माहीत नव्हतं. "काल संध्याकाळपासून नऊ," ती म्हणाली. "श्वास घेतला की दहा. मला वाटलं यातच जाणार मी. जायचंच तर न ओरडता, तेवढं जमवायचं म्हणून बघत होते."

"सिस्टर, मॉर्फिन आण."

"मॅडम, पण मोठे सर..."

"मॉर्फिन आण. अगदी थोडं थोडं द्यायचं, दर वेळी श्वास मोजून. मी इथेच उभी आहे. आणि ही नळी मी नव्याने घालणार आहे, थिएटरला कळव."

कपाटाची किल्ली वाजली, कुपीचा गळा तुटल्याचा बारीक आवाज झाला. मी खिडकीकडेच तोंड करून आत्याचा श्वास ऐकत होते. आधी कुत्र्यासारखा तोकडा. मग एक जरा लांब. मग आणखी एक, जो खाली, पोटापर्यंत गेला आणि तिथे थोडा थांबला. "आई गं," आत्या म्हणाली, आणि रडायला लागली, मोठ्याने, लाज न बाळगता. माझं तोंड काय करत होतं ते मला कळत होतं. मी ते काचेला दाखवत राहिले.

थोड्या वेळाने शिवणबाई खाकरल्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "वळू नका हं. तशाच उभ्या राहा." मग थांबून म्हणाल्या, "माझं सात."

सिस्टरच्या चपला दोन पावलं चालून थांबल्या. मग कोपऱ्यातून त्या मुलीचा आवाज आला, "माझं सहा. रात्री आठ असतं." आणि दाराजवळून त्या म्हातारीचा, "बाई, मला आकड्यातलं काही कळत नाही. पण फार दुखतं हो."

"आणखी कोण?" मी विचारलं, आणि वळले नाही.